काळ्या टेपेस खुले पत्र

प्रति,
श्रीमती काळी इन्सुलेशन टेप,
मुक्काम मेकॅनिकचा खिसा, फुलसावंगी, ता. महागाव, जि. यवतमाळ

विषय : बोटीच्या मोटरीवरील प्लगवायरीचा अतिरिक्त कार्यभार तात्काळ सोडण्याबाबत

महोदया,

आपण नसता तर आमचा अर्धा गाव बंद पडला असता, हे आधीच कबूल करतो. विहिरीवरच्या मोटरीची केबल, कपाशीच्या फवारणी पंपाचं हॅन्डल, आजोबांच्या चष्म्याची दांडी, सगळीकडे आपलाच वावर. कुठं काही तुटलं की "टेप मार, चालते" असा आदेश निघतो आणि आपण रुजू होता. आपण कधी कुठलं काम नाकारलं नाही. तक्रार नेमकी त्याचीच आहे.

पुरासाठी ठेवलेल्या रबरी बोटीची मोटर वर्षातले दहा महिने ताडपत्रीखाली असते. उंदीर, ऊन आणि दमट हवा मिळून तिच्या प्लगवायरीचं, म्हणजे ठिणगीसाठी प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या वायरीचं, रबर तडकवतात. नवी वायर मागायची तर मागणीपत्र, मंजुरी, तीन दरपत्रकं. आपण मात्र शेजारच्या किराणा दुकानातही मिळता. मग दोन वेढे मारायचे आणि शेरा लिहायचा : दुरुस्ती पूर्ण.

आपली लायकी किती हे आपल्या वेष्टनावरच लिहिलेलं असतं. साधारण 600 व्होल्ट. घरच्या 230 व्होल्टच्या वायरीसाठी ती उत्तम. पण प्लगवायरीतून जाणारा दाब 15-20 हजार व्होल्टचा, कधी त्याहून जास्त. म्हणजे तलाठ्याकडे राज्यपालांचा चार्ज दिल्यासारखं झालं. जिल्ह्यात प्रभारी कारभाराचं नवल कुणाला राहिलेलं नाही, हे खरं. पण ठिणगीला नेमणुकीचा आदेश दाखवून थांबवता येत नाही. तिला इंजिनाच्या लोखंडाकडे जवळची वाट दिसली की ती प्लगपर्यंत जायचे कष्ट घेत नाही. शिवाय सेवाज्येष्ठतेचाही प्रश्न आहेच : बॉशच्या कारखान्यात 1902 च्या सुमारास ठिणगीसाठी वीज बनवणारा उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार झाला, तेव्हापासून हे पद वायरीचं आहे.

आपली खरी हुशारी दिसते ती तपासणीच्या दिवशी. मोटर पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून चालू करतात (कोरडी चालवली तर थंड पाणी खेचणारा तिचा पंप जळतो), दोरी ओढतात, फटफट सुरू होते, साहेब मान डोलावतात, फोटो निघतो. ड्रममध्ये आपण दर वर्षी पास. पण तिथं मोटरीवर ओझं कसलं? पैनगंगेच्या लोंढ्यात माणसं भरून थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि ते आपल्या वेढ्यातून फुटून बाहेर पडतं. एक सिलिंडर मेला. म्हणजे काठावर हजर आणि मध्यावर रजेवर. रात्री कव्हर काढून, हात न लावता, चालत्या मोटरीकडे पाहिलं तर आपल्या अंगावर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. तपासणी मात्र दुपारी बारा वाजता होते.

22 जुलै 2023 आठवतो का? आपल्याच तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढा घातला. हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं धावली. अशा दिवशी दोरी किती वेळा ओढावी लागते, यावर छपरावर बसलेल्या माणसाचं सगळं अवलंबून असतं.

आणि हेलिकॉप्टरचा विषय निघालाच आहे म्हणून जरा गंभीर होतो. याच फुलसावंगीतल्या एका तरुणानं, पत्र्याची कपाटं बनवणाऱ्या वेल्डरनं, मारुती 800 चं इंजिन लावून स्वतः हेलिकॉप्टर बांधलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणीच्या वेळी पातं तुटलं आणि त्याचा जीव गेला. त्याच्यावर विनोद करायची माझी छाती नाही. पण एक सुटा भाग दगा देतो तेव्हा काय होतं, हे आमच्या गावाला कुणी शिकवायला नको. आमच्याकडे हात आहेत, डोकं आहे. नसतं ते वेळेवर मिळालेलं सामान.

तेव्हा विनंती, कार्यभार सोडावा. हस्तांतराची पद्धत सोपी आहे. मोटर बंद, सेफ्टी दोरी काढलेली. एका वेळी एकच वायर काढायची, म्हणजे कुठली कुठल्या प्लगची हा घोळ होत नाही. ओढायची ती कॅप धरून, पिळत पिळत. वायर धरून हिसका मारला तर आतला गाभा तुटतो आणि बाहेरून काही कळत नाही. नवी वायर जुन्याच लांबीची हवी, जुन्याच क्लिपांमधून, फ्लायव्हीलपासून लांब न्यावी. कॅपच्या तोंडाशी थोडं सिलिकॉन ग्रीस, म्हणजे ओल शिरत नाही. काही मोटरींत वायर कॉइलमध्येच ओतलेली असते. तिथं कॉइलच बदलावी लागते. जोड मारून पुन्हा आपल्याला बोलावण्यात अर्थ नाही. या सगळ्याला एका पूरपाहणी दौऱ्याच्या चहापाण्याइतकाही खर्च येत नाही.

आपली नेमणूक यापुढे चष्म्याच्या दांडीवर कायम.

कळावे,
फुलसावंगीचा एक रहिवासी

ता. क. : ज्यांच्या ताब्यात अशी मोटर आहे त्यांनी वायर मे महिन्यातच बदलावी. जुलैत दुकानं उघडी असतात, पण रस्ता पाण्याखाली असतो.