टाचणवाले बाबा

लेकरू चालायला लागलं की वाशीमच्या घरात हैदराबादचा विषय निघतो. कारण सरळ आहे. रामोजी फिल्म सिटीत मुलांचं तिकीट उंची पाहून ठरतं, आणि लेकरू त्या खुणेच्या खाली आहे तोवर त्याला नेऊन आणणं म्हणजे शंभर टक्के सवलत. गाडीही दारावरून जाते. अकोला-पूर्णा ही छोटी लाइन २००८ साली मोठी झाली आणि काचीगुडा आम्हाला पुण्यामुंबईपेक्षा जवळचं वाटायला लागलं. तेव्हा जायचं हे ठरलेलंच असतं. अडतं ते एका प्रश्नावर : पोरगी दुपारी झोपणार कुठं?

हा प्रश्न आजीला पडत नाही आणि आईला पडायला सवड नसते. तो पडतो बाबांना. जुन्या काळी बापाला लेकराची इयत्तासुद्धा माहीत नसायची. आताच्या बाबांना लेकराच्या जांभईची वेळ माहीत असते. लाखाळ्यात, आययूडीपी कॉलनीत, गल्लीत एक तरी असा बाबा सापडतो. बहुतेक वेळा तो जिल्हा परिषदेचा शिक्षक असतो. क्वचित तलाठीही निघतो, पण तलाठ्याचा नियोजनाचा सराव कमी. त्याच्याकडे लोकच येतात. शिक्षकाचं तसं नाही. पस्तीस मिनिटांच्या तासिकेचंही टाचण काढायची ज्याला सवय, तो सहलीचं टाचण काढणारच.

ते टाचण मी पाहिलं आहे. चौरेघी वहीत, लाल पेनानं समास आखलेला. घटक : परीची दुपारची झोप. (घरोघर परीच असते, त्यामुळे नाव फोडल्याचा दोष माझ्यावर येत नाही.) उपघटक : रामोजी फिल्म सिटी. पूर्वज्ञान : रात्री गाडीत झोप झाली असल्यास. साहित्य : गोधडी, कानटोपी, पाण्याची बाटली, मोबाइलमध्ये पावसाचा आवाज. वेळ : एक ते अडीच. मूल्यमापन : उठल्यावर रडते किंवा कसे. खाली मुख्याध्यापकांच्या सहीची जागा सोडलेली होती. तिथं बायकोची सही घेतली होती.

बाबांचा अभ्यास दांडगा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली लहान मुलांच्या झोपेबद्दल सूचना काढल्या. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून अकरा ते चौदा तास झोप हवी, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ. त्यांनी ते आजीलाही समजावून सांगितलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या संघटनेले लेकरं किती हायत?"

मग स्वतःच पुढं म्हणाली, "तुले कोणत्या टाइमटेबलानं झोपवलं होतं मी? वावरात बाभळीले झोळी बांधे अन् निंदाले लागे. डोळा लागला त लागला."

बाबांच्या ज्ञानाला घरात मान नाही, पण एका मुद्द्यावर ते बरोबर आहेत आणि ते इथं नोंदवलंच पाहिजे. थकलेलं मोठं माणूस गळून बसतं. थकलेलं लेकरू गळत नाही, उधळतं. झोपेची वेळ टळली की शरीर ताणाची रसायनं सोडतं आणि पोर जास्तच नाचायला लागतं. बघणाऱ्यांना वाटतं, काय मजेत आहे! परीचा मामा तर दर सहलीत म्हणतोच, "भाऊजी, पोट्टी त मस्त खेळून राह्यली, झोप कुठी आली तिले?" बाबा बोलत नाहीत, घड्याळ दाखवतात. पुढच्या वीस मिनिटांत परी फरशीवर आडवी पडून, चप्पल फेकून, जिलेबी नको म्हणून आणि जिलेबी का देत नाही म्हणूनही रडते. मामा तोवर पाणी आणायला गेलेला असतो.

मामा हा बाबांचा नैसर्गिक शत्रू. त्याचा पक्ष 'पैसे वसूल'. तिकिटात जेवढं आहे तेवढं सगळं बघायचं, दोनदा बघता आलं तर दोनदा. फ्लोरिडात १९७१ साली डिस्ने वर्ल्ड सुरू झालं. तिथं लोक दुपारी हॉटेलात परत जातात, लेकरं झोपवतात आणि संध्याकाळी पुन्हा फाटकात येतात, असं बाबांनी कुठंतरी वाचलं होतं. मामा म्हणाला, "एवढे पैसे भरून लेकरं झोपवाले आलो का आपण?" शिवाय रामोजी शहरापासून तीसेक किलोमीटर लांब, आणि खोली काचीगुडा स्टेशनसमोर. एकदा बाहेर पडलं की दिवस संपला. आत हॉटेलं आहेत, पण त्यांचे दर बघून बाबांनी मोबाइल उपडा ठेवला होता.

नीती आयोगानं २०१८ साली वाशीमला आकांक्षित जिल्हा ठरवलं, ते उगीच नाही. या बाबांची आकांक्षा बघा : सोळाशे एकरांच्या वर पसरलेल्या, गिनीज बुकात नाव असलेल्या त्या चित्रनगरीत, बँडबाजा आणि गर्दीत, पोरीला सलग दीड तास झोपवायचं आणि शिवाय पैसेही वसूल करायचे.

रंगीत तालीम शेगावला झाली होती. थीम पार्क हा शब्द आमच्याकडे यायच्या आधीपासून आम्हाला आनंद सागर माहीत. तिथल्या छोट्या आगगाडीत बसून वाशीमची कितीतरी लेकरं मोठी झाली. पण शेगावला झोपेचा प्रश्नच येत नाही. दर्शन, महाप्रसाद, आणि मग भक्त निवासाची गार फरशी. तिथं लेकरूच काय, मामाही झोपतो. त्या यशानं बाबांचा आत्मविश्वास नको इतका वाढला.

गाडीत तर आजीनं कमालच केली. हिंगोली यायच्या आत तिनं पिशवीतून जुनं लुगडं काढलं, वरच्या बर्थच्या साखळीला दोन्ही टोकं गाठ मारून बांधली, ओढून बघितली, आणि परीला झोळीत टाकलं. डबा हलत होता, झोका आपोआप मिळत होता. पाच मिनिटांत पोर गप. पावसाचा आवाज लावायला बाबा मोबाइल शोधत राहिले. टाचणात या कृतीसाठी रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी रामोजीत एक वाजला. टाचणाप्रमाणे सावली शोधायची होती. आजी मात्र बाहुबलीच्या सेटवरचे दोन खांब हेरून लुगडं सोडायला लागली. सुरक्षारक्षक हिंदी-तेलुगूत काहीतरी ओरडत धावत आला. त्याच्या येण्यानं आजी थांबली नसती. ती थांबली खांबावर बोटानं टकटक केल्यावर. "पोकळ हाय," ती म्हणाली, "कायले बांधू याले?" माहिष्मतीच्या साम्राज्याबद्दल याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही.

शेवटी परी झोपली ती लाल बसमध्ये. गाइड माइकवरून कानठळ्या बसतील असं बोलत होता, तेव्हा झोपली. गाइड थांबला, बस थांबली, सगळे उतरायला लागले, तेव्हा चुळबुळली. लेकराला आवाज चालतो, थांबलेलं चाक चालत नाही. बाबा उठले, एक हात मानेखाली, एक हात गुडघ्यांखाली, आणि तसेच डुलत खाली उतरले. मंडळी सेट बघायला गेली. बाबा एका कडुनिंबाखाली कट्ट्यावर टेकले आणि मग दीड तास हलले नाहीत. खांदा बधिर झाला. नाकावर माशी बसली, तिला उडवायला मोकळा हात नव्हता. त्यांनी ती बसू दिली.

त्याच कट्ट्यावर आणखी तिघे बाप होते. एक नांदेडकडचा, एक करीमनगरचा, एक कुठला ते कळलं नाही. चौघांच्याही खांद्यावर एकेक झोपलेलं लेकरू. बोलायची सोय नाही, भाषाही एक नाही. करीमनगरवाल्यानं दोन बोटं दाखवली. बाबांनी एक बोट पूर्ण आणि एक अर्धं मुडपून दाखवलं. वयं कळली. मग नांदेडवाल्यानं दातांचा प्रश्न भुवयांनी विचारला. बाबांनी कपाळाला हात लावला असता, पण हात गुंतला होता.

तिथून त्यांना जे दिसलं ते तिकिटात लिहिलेलं नव्हतं. राजवाड्याची मागची बाजू दिसली : पत्रे, बांबू, एक झाडू, आणि जेवणाच्या सुट्टीत सावलीला पाय पसरून डबा खाणारे तीन द्वारपाल. एका द्वारपालानं परीकडे बघून मान हलवली आणि भाला आवाज न करता भिंतीला टेकवला.

परी उठली तेव्हा अडीच वाजून गेले होते. रडली नाही. बाबांनी खिशातून वही काढली आणि मूल्यमापनाच्या रकान्यात बरोबरची खूण केली. मामा दोन तासांनी परत आला तो तोंड वाळलेला, पायाला फोड आलेला, आणि मोबाइलमध्ये एकशे ऐंशी फोटो. एकाही फोटोत बाबा नाहीत. संध्याकाळच्या कार्यक्रमात परी टाळ्या पिटत होती आणि मामा खुर्चीत घोरत होता.

शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांच्या खोलीत बाबा छातीठोकपणे सांगतात, "रामोजी? पूर्ण पाहिलं." हे खोटं आहे. पण ज्यांनी खरंच पूर्ण पाहिलं त्यांना काय पाहिलं ते आठवत नाही, आणि बाबांना त्या भिंतीमागचा झाडूही आठवतो. तेव्हा बाबांना पास करायला माझी हरकत नाही.

येत्या दिवाळीत शिर्डी ठरली आहे. दर्शन, मग साई तीर्थ, मग वॉटर पार्क. समृद्धीवरून जायचं, शेलुबाजारला चढायचं. वळण नाही, सिग्नल नाही, गतिरोधक नाही. लेकरू आपोआप झोपतं, जागं ठेवायचं ते ड्रायव्हरला, आणि ते काम मामाकडे दिलं आहे. टाचण तयार आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कुणाला यायचं असेल तर जरूर या, डिझेलचा वाटा घेऊ. अट एकच, एक ते अडीच या वेळात चिवड्याची पिशवी उघडायची नाही.