पास्कलकाका

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असे असतात, ज्यांना विचारल्याशिवाय कुणी फ्रीज घेत नाही आणि ज्यांचा स्वतःचा फ्रीज दाराला सुतळी बांधून बंद होत असतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हे पद पास्कलकाकांकडे आहे. नाव अर्थात आम्ही ठेवलेलं. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा ते साधे तिसऱ्या मजल्यावरचे काका होते. निवृत्तीनंतर माणसं पर्वती चढायला लागतात, पेटी शिकतात, अध्यात्मात शिरतात. काकांनी खरेदीचा अभ्यास धरला. खरेदी नव्हे हं, अभ्यास. पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींनी काही स्वतः बोहल्यावर चढायचं नसतं.

पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा अभ्यास चालू होता तेव्हा काका टीडीएस मीटर घेऊन घरोघर फिरले. ज्याच्या त्याच्या नळाचा आकडा वहीत उतरवला, गच्चीवरच्या टाकीचाही घेतला. त्यांच्या सल्ल्याने अर्ध्या बिल्डिंगने यंत्रं बसवली. काकांकडे आजही पाणी उकळून, गाळून तांब्याच्या पिंपात भरतात. 'तंत्रज्ञान अजून स्थिरावलेलं नाही' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुकानदार त्यांना चालीवरून ओळखतात. काका काचेचं दार ढकलून आत आले की विक्रेत्या पोरांना एकदम जेवणाची सुट्टी आठवते, मग सकाळचे साडेदहा का वाजलेले असेनात.

अशा काकांच्या आयुष्यात केर काढणारा रोबो आला, तो काकूंच्या एका वाक्यामुळे. कामाच्या ताई गावच्या जत्रेला गेल्या होत्या, काकूंचे गुडघे बोलत होते आणि सोफ्याखाली केरसुणी घालता घालता त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, ते आपोआप फिरणारं मशीन तरी आणा एकदाचं." त्या रात्री काकांनी एक्सेलची नवी फाइल उघडली.

सुरुवात ओढशक्तीपासून झाली. ही यंत्रं धूळ किती जोरात ओढतात ते पास्कलमध्ये सांगतात. कुणाचे 2,500, कुणाचे 8,000, कुणी 20,000 च्याही पुढे. तुम्हीआम्ही मोठा आकडा बघून भुलतो. काका मुळाशी जातात. लिफ्टसाठी थांबलेल्या चौघांना त्यांनी सांगितलं, की पास्कल हा सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस. उंचावर गेलं की हवेचा दाब कमी होतो, हे त्याने 1648 मध्ये दाखवून दिलं. कसं? तर पाऱ्याची नळी घेऊन बहिणीच्या नवऱ्याला डोंगर चढायला लावलं आणि आपण पॅरिसमध्ये बसून राहिला.

"म्हणजे घाम दुसऱ्याचा आणि नाव आपलं," पिशवीतली कोथिंबीर सावरत काकू म्हणाल्या. "जुनीच पद्धत दिसतेय."

काकांच्या कानावर हे गेलं नाही, किंवा गेलं तरी तक्त्यात त्याला रकाना नव्हता. "आपल्या अंगावर हवा 1 लाखाहून जास्त पास्कलने दाबतेय," ते पुढे म्हणाले. "त्यात हे लोक 10,000 चं कौतुक सांगणार! आणि मोजतात कसं? तोंड बंद करून. उघड्या फरशीवर त्यातलं किती उरतं ते विचारा ना." तेवढ्यात लिफ्ट येऊन रिकामीच वर गेली. त्या संध्याकाळपासून पोरं त्यांना पास्कलकाका म्हणायला लागली. काकांनी ते नाव पदवी मिळाल्यासारखं घेतलं.

पण खरा जीव रमला तो पुढच्या प्रकरणात. साधा रोबो केर गोळा करून आपल्या पोटातल्या डबीत ठेवतो. डबी केवढी, तर पाव ते अर्धा लिटर. ती रोज काढून झटकायची. मग यंत्र कशाला घेतलं? म्हणून आता जो मिळतो तो आपली डबी आपण रिकामी करतो. काम संपलं की हा आपल्या ठाण्यावर परत येतो, पाठ लावून उभा राहतो आणि ठाण्यातली मोटर त्याच्या पोटातला केर दहा-पंधरा सेकंदांत खेचून एका पिशवीत कोंबते. पिशवी अडीच-तीन लिटरची. साठ-सत्तर दिवस बघायला नको, असं कंपन्या सांगतात. किमती पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होतात आणि लाखाच्या पुढेही निघून जातात.

"साठ दिवस कुणाच्या घरातले?" काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. ज्या देशात खिडक्या सहा महिने बंद असतात तिथला हिशेब वेगळा. इथे समोर एक इमारत पडतेय, शेजारी एक उठतेय, आणि काकूंना खिडकी बंद ठेवलेली खपत नाही.

म्हणून काकांनी केर मोजायला घेतला. जत्रेहून परतलेल्या ताईंना हुकूम झाला, की केर बादलीत टाकायचा नाही, काकांना दाखवायचा. सकाळी ताई सुपली घेऊन उभ्या, काका चष्मा लावून समोर. सुपलीत काय काय? लसणाची सालं, काकूंच्या केसांचा एक गुंता, कढीपत्त्याची वाळलेली पानं, वर्तमानपत्रातून निसटलेला गॅस शेगडी दुरुस्तीचा कागद, एक टाचणी आणि बाकी ती पिठासारखी करडी धूळ. काकांनी टाचणी, पानं आणि कागद चिमट्याने बाजूला केले, कारण 'तो केर नाही, ते सामान आहे'. उरलेलं काचेच्या मापाने मोजलं. मग लक्षात आलं, की केर दाबला तर निम्मा होतो आणि फुंकर बसली तर दुप्पट. घनफळात अर्थ नाही, वजनच केलं पाहिजे. म्हणून स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा आला. काकूंनी चकल्यांची भाजणी मोजायला तो मागवला होता. त्यावर वर्तमानपत्र घालून केर ठेवलेला पाहिल्यावर त्या जे बोलल्या, ते इथे देण्यासारखं नाही. काटा नंतर गोमूत्र शिंपडून परत स्वयंपाकघरात घेण्यात आला.

ताईंनी हे सगळं शांतपणे सोसलं. त्यांचा प्रश्न एकच होता. "काका, ते मशीन आपलं आपण रिकामं होतंय म्हणता. मग कचरा जातो कुठे?"

"ठाण्यातल्या पिशवीत."

"आणि पिशवी?"

"ती आपण टाकायची."

"म्हणजे मीच की."

वहीत याची नोंद नाही. मात्र पिशवीवर काका आठवडाभर अडले होते. पिशवी घेतली की ती संपणार, नवी विकत आणावी लागणार. काकांच्या दृष्टीने हा न संपणारा हप्ता. बिनपिशवीचंही ठाणं मिळतं, त्यात डबा असतो. पण तो उपडा करताना सगळी धूळ नाकातोंडात येणार आणि वर डबा धुवावा लागणार. पुण्यात पिशवी की बिनपिशवी या विषयावर सभा भरली तर दोन तट पडतील, यात मला शंका नाही. काकांनी दोन्ही बाजूंनी भाषणं केली आणि अध्यक्षीय समारोपात निर्णय राखून ठेवला.

मग आली घराची मोजणी. लेझरचा घुमट डोक्यावर असलेला रोबो साधारण 10 सेंटिमीटर उंच असतो. काका टेप घेऊन पालथे पडले. दिवाणाखाली साडेनऊ निघाले. सोफ्याखाली अकरा होते, पण तिथे फराळाच्या डब्यांची चळत. उंबरठा दोन सेंटिमीटरपर्यंत असेल तर बहुतेक रोबो चढून जातात; आमच्या बिल्डरने काळ्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या बसवताना असला काही विचार केलेला नाही. आणि काळा ग्रॅनाइट म्हणजे आणखी पंचाईत. रोबोच्या पोटाखाली अवरक्त किरणांचे सेन्सर असतात. फरशीवरून किरण परत आला नाही तर पुढे जिना आहे असं समजून तो मागे वळतो. गडद काळा रंग किरण गिळतो. म्हणजे मोरीच्या दारातली काळी पट्टी ही त्याच्या लेखी दरी.

"तो थांबेल," काका म्हणाले, "कड्यावर उभं राहिल्यासारखा."

"मग मोरी कोण झाडणार?" काकू. हा रकाना अजून रिकामा आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढा अभ्यास आहे तर माणसाने घ्यावं की एखादं! इथेच तर या जातीची खरी ओळख पटते. असा माणूस पैशाला भीत नाही. काकांची मुदत ठेव भरभक्कम आहे. त्याला धास्ती असते ती उद्याची. आज घेतलं आणि उद्या त्याहून चांगलं निघालं तर? अशा माणसाला इतिहास नेहमी साथ देतो. रूम्बा नावाचा केर काढणारा रोबो 2002 मध्ये बाजारात आला. काका थांबले. 2018 मध्ये त्याच कंपनीने आपली डबी आपण रिकामी करणारा आणला. "बघा, 2002 मध्ये घेतला असता तर?" मग फरशी पुसणारे आले, पुसायचं फडकं गरम पाण्याने धुऊन वाळवणारे आले. प्रत्येक वेळी काका थांबल्याचं सार्थक झालं. आणि 2025 च्या डिसेंबरात ती मूळची अमेरिकन कंपनीच दिवाळखोरीत निघाली, तेव्हा तर काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर बातमी टाकून खाली फक्त हात जोडले.

कॅमेऱ्याचाही मुद्दा होताच. काही रोबो लेझरने खोलीचा नकाशा काढतात, काही डोळ्याने बघतात. 2022 मध्ये बातमी आली, की चाचणीसाठी लोकांच्या घरात दिलेल्या रोबोंनी टिपलेली छायाचित्रं, त्यात एक बाई न्हाणीघरात बसलेल्या होत्या तेही, समाजमाध्यमांवर पोचली. काकांनी हे जेवताना वाचून दाखवलं. काकूंनी ताट सरकवलं. "कॅमेरावालं आलं तर मी माहेरी जाईन." काकूंच्या माहेरी आता त्यांच्या वहिनी असतात आणि दोघींचं पटत नाही, म्हणजे धमकी किती खरी ते काकांना कळलं. तक्त्यातल्या सगळ्या डोळेवाल्या ओळी लाल झाल्या.

तसा काकांकडे एक व्हॅक्युम क्लीनर आहे. दारोदार येऊन गालिच्यावर मुद्दाम धूळ सांडणारे, टाय लावलेले ते युरेका फोर्ब्सचे तरुण ज्यांना आठवतात, त्यांना तोही आठवेल. काकूंनी तो काका बँकेत असताना घेतला. तक्ता न करता घेतल्यामुळे काकांनी त्याला कधी आपलं म्हटलं नाही. वर्षभर माळ्यावर असतो; दिवाळीत उतरतो, कोळीष्टकं ओढतो, इतका आरडाओरडा करतो की शेजारचं बाळ उठतं. फॅनची पाती अजून त्याच्याएवढी स्वच्छ कुणी करत नाही, असं काकू म्हणतात.

आणि एके दिवशी पाचव्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याने काकांचा तक्ता मागून नेला. पोरगी आयटीतली, पोरगा आयटीतला. त्यांनी तक्त्याची सर्वांत खालची ओळ पाहिली, जिथे काकांनी 'तूर्त यातल्या त्यात' असं लिहिलं होतं, आणि रात्री साडेअकराला ते मागवूनही टाकलं. काकांना हे कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पोरीच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी आल्यावर बापाच्या चेहऱ्यावर असतो तसा भाव होता. धोतर नव्हतं, एवढंच.

पहिल्या फेरीला काका, काकू, मी आणि काकांच्या हातातला काटा असे हजर होतो. यंत्राला वायफाय लागेना. काकांनी तत्काळ सांगितलं, "2.4 गिगाहर्ट्झवर टाका, 5 ची भाषा याला येत नाही." लागलं. दोघंही पोरं अवाक झाली. मग रोबो निघाला. भिंतीला धरून हॉल फिरला, टीपॉयच्या पायाला नमस्कार केला, देव्हाऱ्यासमोरची रांगोळी एका फेरीत साफ केली. पोरगी म्हणाली, "अगंबाई!" आणि काका म्हणाले, "ओढ उत्तम आहे." पायपुसणीच्या झालरीत तो अडकला तेव्हा ती सोडवायला वाकले काकाच. शेवटी ठाण्यावर जाऊन पाठ लावून उभा राहिला आणि आतली मोटर अशी गरजली, की काकूंनी देवाचं नाव घेतलं. काकांनी घड्याळ लावलं होतं. "चौदा सेकंद," ते म्हणाले. मग पिशवी बाहेर काढून काट्यावर ठेवायला लावली, आणि आकडा वहीत उतरवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी घर घेतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही.

"मग आता आपणही घ्यायचं ना?" जिना उतरताना काकूंनी विचारलं.

"घ्यायचं तर आहेच," काका म्हणाले. "पण आता हात असलेला निघालाय."

हे खरं आहे. 2025 च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात एका चिनी कंपनीने पाठीतून घडीचा हात निघणारा रोबो दाखवला. वाटेत पडलेला मोजा, चप्पल तो उचलून बाजूला ठेवतो. अट एवढीच, की वस्तू 300 ग्रॅमच्या आत हवी.

त्या रात्री काटा पुन्हा स्वयंपाकघरातून बाहेर आला. काकूंनी आता बोलणं सोडून दिलं आहे. घरातल्या सगळ्या पादत्राणांची वजनं झाली. काकूंच्या चपला पास. काकांचा चालायचा बूट नापास, पण तो कपाटात राहतो. अडचण कोल्हापुरीची. डावी 290 भरली, उजवी 310. उजव्या टाचेला मागच्या पावसाळ्यात जादा चामडं ठोकून घेतलं होतं, ते नडलं.

काल करिश्मा चौकाच्या अलीकडे चपला शिवणाऱ्यापाशी काका उकिडवे बसलेले दिसले. शेजारी काटा. "थोडं अजून," ते त्याला सांगत होते, "दहा ग्रॅम निघाले की सांगतो."