चाकोरीबाहेरचे नाना

नानांच्या गाडीच्या बॉनेटशेजारून एक काळी नळी टपापर्यंत गेली आहे. तिला स्नॉर्कल म्हणतात. गाडी खोल पाण्यातून गेली तरी इंजिनाला श्वास घेता यावा, अशी तिची योजना. नाना कोथरूडला, पहिल्या मजल्यावर राहतात. टपावर फावडं, दोरखंड आणि पेट्रोलचा हिरवा डबा आहे. डब्यात पेट्रोल नसतं, पिण्याचं पाणी असतं. पण हे सोसायटीत कुणाला सांगायचं नाही अशी वहिनींना सक्त ताकीद आहे. आम्हाला ते वहिनींनीच सांगितलं. मागच्या काचेवर वाघाचा पंजा, आणि त्याखाली ‘निसर्ग वाचवा’.

ते स्टिकर खोटं नाही. नाना सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी त्यांनीच लावून घेतली आहे. एखादं पोरगं चेंडू आणायला हिरवळीत शिरलं, की नाना गॅलरीतून गरजतात, “अरे, मुळं दबतात रे!” मुळं दबतात हे शास्त्र त्यांना पक्कं ठाऊक आहे. फक्त सोसायटीचं फाटक ओलांडलं, की ते लागू होत नाही.

फाटकाबाहेर नानांना ‘मोकळं’ लागतं. कासचं पठार 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आता तिथे तिकीट, पहारा आणि गर्दी. म्हणून नानांनी बिननावाचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, हुडकून काढलेत. पावसाळ्यात तिथे जांभ्यावर दोन-चार बोटं माती असते. तेवढ्यात सीतेची आसवं फुलतात, गेंद डोलतात, डबक्यांत बेडकांचे संसार थाटलेले असतात. त्यावरून नानांची दीड-पावणेदोन टनांची गाडी जाते. माती दबते, चाकाच्या वळात पाणी साचतं, उतारावर त्याच वळाचा ओहोळ होऊन उरलीसुरली माती वाहून जाते आणि खाली उघडा कातळ राहतो. दुसऱ्या वर्षी नाना तो कातळ दाखवून म्हणतात, “बघा, इथे होतं काय नासायला?”

फेब्रुवारीत मंडळी दापोलीकडे निघाली. किनाऱ्यावर ‘वाहनांना बंदी’ ही पाटी होती. नानांनी ती वाचली. ती साध्या गाड्यांसाठी आहे, असा अर्थ लावून, वाळूत रुतू नये म्हणून त्यांनी टायरमधली हवा अठरावर उतरवली. तेवढ्यात कासवमित्र म्हणून काम करणारा गावातला एक पोरगा धावत आला.

“सायब, खाली नका नेऊ. वाळू नरम हाय. आणि घरटी असतात.”

“अरे, आम्ही कासवंच बघायला आलोय!” नाना म्हणाले आणि त्यांनी फोर बाय फोरचा दांडा ओढला.

ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री येते, दीडेक फुटाचा खड्डा उकरते, शंभरेक अंडी घालते, वाळू थापटून सारखी करते आणि परत जाते. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. बरीचशी अंडी गावकरी काढून कुंपणात नेऊन पुरतात, पण एखादं घरटं नजरेतून सुटतंच. वाळू चाकाखाली घट्ट झाली, की पिल्लांना वर येणं जड जातं. पन्नासेक दिवसांनी वर आलंच, तर बोटभर पिल्लू चाकाच्या वीतभर खोल चरात पडतं. समुद्र समोर दिसेनासा होतो आणि ते चरातूनच आडवं चालत राहतं. कावळ्यांना आणि कुत्र्यांना एवढं पुरतं. 1972 च्या कायद्याने या कासवाला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवलं आहे. काचेवर पंजा त्याचा नाही, एवढाच फरक.

गाडी चाळीस पावलं गेली आणि बसली. नानांनी दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफ लॉक लावला. ती आणखी खोल बसली. फावडं पहिल्यांदाच टपावरून खाली उतरलं. वहिनी चपला हातात घेऊन केव्हाच उतरल्या होत्या. भरती लागली, पाणी मागच्या चाकाला आलं. छातीभर पाण्यासाठी बसवलेली नळी घोटाभर पाण्यात नुसती उभी होती. अखेर ट्रॅक्टर आला, आणि त्याने तर सगळा किनाराच नांगरून काढला. ट्रॅक्टरच्या खर्चात कासवांचा खड्डा कोणी धरला नाही. नानांनी मात्र दोरखंड ताणला जातानाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. शीर्षक : ‘निसर्गाच्या कुशीत’.

डिसेंबर 2023 मध्ये लाहौलला एका पर्यटकाने चंद्रा नदीच्या पात्रातून गाडी घातली, तेव्हा पोलिसांनी साडेतीन हजारांचं चलन फाडलं होतं. नानांनी ती बातमी मन लावून वाचली आणि म्हणाले, “परवडतं.”

असे नाना तुमच्याही सोसायटीत असतील. त्यांना कोकणात नेऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर न्या. पण गाडी डांबरी रस्त्यावर उभी करा, किल्ली वहिनींच्या पर्समध्ये टाका आणि समुद्रापर्यंत नानांना चालवत न्या.