दहा सेकंदांचा दाखला

ईसीजीची पट्टी नॉर्मल आली की उमरीत हृदयाचा विषय संपतो आणि गॅसचा सुरू होतो. पट्टीवर डॉक्टरांची सही असते, आणि सहीच्या कागदापुढे आपण तहसीलमध्ये नमतो तसेच दवाखान्यातही नमतो. पण हा दाखला नेमका कशाचा? पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर सरकते आणि साधारण दहा सेकंदांचा हिशेब देते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर तेवढ्यात १२ पडतात; दिवसभरात पडतात लाखाच्या वर. म्हणजे बारा जणांची चौकशी करून आपण लाखाच्या चारित्र्याची हमी घेतो. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं धडधडणाऱ्याची पट्टी नॉर्मलच येणार. उमरी स्टेशनात दहा सेकंद डोकावून रूळ मोकळे दिसले, म्हणून मनमाड-सिकंदराबाद मार्गावर गाडीच धावत नाही असं कुणी म्हणत नाही. धडधडीबद्दल मात्र सर्रास म्हणतात.

मग पट्टी काढायचीच कशाला, असं कुणी चिडून विचारेल. काढायची, कारण जे दोष कायम मुक्कामाला असतात ते तीत सहसा दिसतात: जुना झटका, अडलेला विद्युतमार्ग, किंवा वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० साली वर्णन केलेली जन्मजात जादा वाट. पाहुण्यासारखे येऊन जाणारे तेवढे निसटतात. दुसरी शंका असते करंटची. यंत्र करंट देत नाही, हृदयाचाच टिपतं. तरी ही भीती अडाणीपणाची समजू नये. लंडनच्या वॉलरसाहेबांनी हृदयाचा असाच करंट टिपून दाखवायला आपला बुलडॉग जिमी मिठाच्या पाण्यात पाय ठेवून उभा केला, तेव्हा १९०९ साली थेट ब्रिटिश संसदेत क्रूरतेचा प्रश्न आला होता. कुत्र्याला काही झालं नव्हतं.

ये-जा करणारा दोष पकडायचा तर पाळत हवी. अमेरिकेतल्या मोंटानाच्या नॉर्मन होल्टर यांनी त्यासाठी यंत्र केलं. सुरुवातीला ते सुमारे ३८ किलोचं होतं आणि पाठीवर वाहावं लागे. आता ते गळ्यात अडकवून २४ तास किंवा जास्त फिरता येतं. फिरता येतं, पण आपण फिरत नाही! होल्टर लागला की घरचे बाजेवर झोपवतात, वरण-भात भरवतात, कुणाला मोठ्यानं बोलू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी अहवालात एका अत्यंत सुखी माणसाचं हृदय निघतं. वास्तविक त्या दिवशी नेहमीसारखं वागावं: जिने चढावेत, बाजार करावा, बांधाचा वाद चालू असेल तर तोही पुढं न्यावा. आणि सोबतच्या नोंदवहीत ‘जेवलो, झोपलो’ एवढंच न लिहिता धडधड किती वाजता झाली ते लिहावं.

यावर खर्चाचा आक्षेप येतो, आणि तो खराच आहे. प्रत्येकानं होल्टर लावावा असं नाही. एखादा ठोका चुकणं धडधाकट माणसातही आढळतं. पण ज्याला धडधडीबरोबर चक्कर येते, ज्याची शुद्ध हरपते, किंवा ज्याच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे, त्यानं सोड्याच्या बाटलीवर थांबू नये. होल्टरच्या पुढची पायरी ईपी स्टडीची, म्हणजे हैदराबाद-पुण्यासारख्या शहराची. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात आणि धडधड मुद्दाम उठवून पाहतात. झोपलेल्या सापाला डिवचायचं कशाला, ही हरकत ऐकायला पटते. पण इथं डिवचणारे तज्ज्ञ असतात आणि ठोका ताळ्यावर आणायची साधनं हाताशी असतात. शिवाय दोषाची जागा सापडली तर पुष्कळदा त्याच बैठकीत ती जाळून टाकता येते. घरी आपोआप उठणाऱ्या धडधडीला यातली एकही सोय नसते.

तेव्हा विनंती एवढीच: धडधड थांबल्यावर नव्हे, चालू असतानाच ग्रामीण रुग्णालय गाठा आणि पट्टी काढा, त्या वेळचे दहा सेकंद एरवीच्या होल्टरला भारी पडतात. ती पट्टी जपून ठेवा, पण लॅमिनेट करायला देऊ नका. कागद बहुधा थर्मल असतो, उष्णतेनं काळा पडतो. झेरॉक्स काढा.