स्वतःला १४, शहरांना ८

जीएसटी येताना राज्यांनी दिल्लीकडून कायदेशीर हमी घेतली. आमचं उत्पन्न दरसाल १४ टक्क्यांनी वाढेल असं धरा आणि कमी पडेल तेवढं पाच वर्षं भरून द्या. महाराष्ट्र त्यात होताच. त्याच २०१७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने आपल्या महापालिकांसाठी भरपाईचा कायदा केला आणि तिथे वाढ धरली ८ टक्के. १०० रुपयांचे पाच वर्षांत १४ टक्क्यांनी १९२ होतात, ८ टक्क्यांनी १४७ सुद्धा होत नाहीत. कर दोघांनीही सोडला. मापं मात्र दोन निघाली.

शहरांची भरपाई राज्यांच्या भरपाईसारखी पाच वर्षांत संपली नाही, हे मान्य. पण २०२० आठवा. केंद्राने भरपाई थकवली तेव्हा महाराष्ट्राने आवाज चढवला, आणि बरोबर चढवला. ज्याने तुमच्या शब्दावर स्वतःचा कर सोडला, त्याला हप्त्यासाठी ताटकळत ठेवणं हा अन्याय आहे. हे वाक्य मुंबईने दिल्लीला ऐकवलं तेव्हा खरं होतं. नाशिकने, सोलापूरने, परभणीने मंत्रालयाला ऐकवलं की ते खोटं कसं ठरतं?

शहरांनी सोडलेल्या जकातीची मला आठवणही नको. नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा, पावतीविना सुटणारा माल, चिरीमिरी. ती गेली ते उत्तमच. पण तो पैसा शहराचा होता आणि तो कुणाकडे मागावा लागत नव्हता. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली आणि बदल्यात सहायक अनुदान आलं. ते उशिरा आलं की सफाई कामगारांचे पगार अडकतात, हे छोट्या गावातला कुठलाही मुख्याधिकारी सांगेल. महापालिकांना जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) दिला आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्या सगळ्या व्यापाऱ्यांना तोही माफ केला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला संपली.

त्या वेळी एक गोष्ट घडली, ती आज मुद्दाम सांगायला हवी. शिवसेना राज्यात भाजपबरोबर सत्तेत होती आणि मुंबई महापालिकाही तिच्याच हातात होती. तरीही भरपाईची कायद्यात हमी द्या, पैसे थेट पालिकेला द्या, म्हणून ती अडून बसली. हमी मिळाली. ५ जुलैला अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार स्वतः पालिकेत आले आणि ६४७ कोटी ३४ लाखांचा पहिला धनादेश देऊन गेले. सरकारात भागीदार असूनही सरकारशी भांडता येतं. भांडलं की मिळतंही.

कायद्याने बांधलेला हा हप्ता सहजासहजी कापता येत नाही. त्याच्या बाहेरचं सगळं मर्जीवर. रस्ते, उद्यानं, नाट्यगृहं, ‘मूलभूत सोयीसुविधां’साठीचं विशेष अनुदान, साऱ्यासाठी आमदाराचं पत्र आणि मंत्र्याची सही लागते. २०२२ च्या जूनअखेरीस सरकार बदललं आणि आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांवर स्थगिती आली. नगरविकास खात्याची कामंही त्यातून सुटली नाहीत. गटार तेच, गाव तेच, मंत्रालयातली खुर्ची तेवढी बदललेली. पक्ष कुठलाही असो, हा खेळ सगळ्यांनी खेळलाय. आणि तिजोरी आवळली की कात्री पहिल्यांदा अशाच अनुदानावर चालते, कारण ते कापायला ना कायदा बदलावा लागतो, ना विधानसभेत उत्तर द्यावं लागतं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याने स्वतःच ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली होती. कात्री बाहेर येणारच.

एवढी वर्षं तिला विरोध कोण करणार होतं? मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे इथे मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते. नवी मुंबई आणि औरंगाबादेत तर २०२० पासूनच. कारभार प्रशासकाकडे, आणि प्रशासक नेमलेला राज्याने. ज्याच्या बदलीचा आदेश मंत्रालयातून निघतो, तो मंत्रालयाला ‘आमचे पैसे द्या’ म्हणून दरडावत नाही.

आता ती सबब उरलेली नाही. १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांसाठी मतदान झालं. बहुतेक मोठ्या शहरांत राज्यातल्याच सत्ताधाऱ्यांचं राज्य आलं आणि ‘वरून निधी आणू’ हे प्रचारातलं आवडतं वाक्य होतं. निधी ‘आणायचा’ कशाला? तो शहराचा आहे. मुंबई-पुण्यात गोळा झालेल्या जीएसटीवर राज्याचं घर चालतं.

केरळकडे बघा. तिथल्या अर्थसंकल्पाचं चौथं परिशिष्ट म्हणजे एक जाडजूड यादी असते. प्रत्येक पंचायत, नगरपालिका आणि महापालिकेचं नाव, पुढे तिला त्या वर्षी मिळणारी रक्कम. हप्ते तिथेही रखडतात. पण रखडलं किती, हे विरोधी नगरसेवक पानावर बोट ठेवून सांगू शकतो. आपल्याकडे महापौरालासुद्धा मार्चअखेरीपर्यंत आकडा कळत नाही.

तेव्हा नव्या महापौरांनी सर्वसाधारण सभेत एवढा एक ठराव आणावा: राज्याच्या अर्थसंकल्पात शहरनिहाय रक्कम छापा, आणि छापलेली रक्कम कापायची तर विधिमंडळात कारण सांगून कापा. मुंबईबाहेरच्या महापालिकांचा ठराव महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली विखंडित करण्याचा अधिकार राज्याकडे आहे. वापरायचा तर खुशाल वापरावा. मग शहराचा पैसा नेमका कोणी अडवला, ते सहीशिक्क्यानिशी कागदावर येईल.