आमसुलाच्या नावावर बाटल्या खपवू नका

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी एक बाटली घेऊन आमच्याकडे आल्या. साठ कॅप्सूल, पांढरं झाकण, पुढे भोपळ्यासारख्या खाचा असलेल्या पिवळसर फळाचं चित्र, आणि त्याच्या शेजारी बारीक कमरेला गुंडाळलेली टेप. ‘हे आपल्या कोकमाचंच आहे हो,’ त्या म्हणाल्या. ‘दिल्लीत येऊन आपण आमसुलं विसरलो आणि छोले-भटुऱ्यांना लागलो, म्हणून वजनं वाढली. आता निदान गोळीतून तरी पोटात जाईल. आपल्याच घरातलं फळ, ते बाधणार कसं?’ बाराशे रुपये मोजले होते त्यांनी. महिन्याचा साठा म्हणे.

बाटलीपेक्षा मला त्यांचं शेवटचं वाक्य जास्त लागलं. ‘आपल्याच घरातलं’ या दोन शब्दांवरच हा सगळा धंदा उभा आहे.

पहिली गोष्ट, बाटलीतलं फळ कोकम नव्हेच. लेबलवर लिहिलं होतं गार्सिनिया कॅम्बोजिया. कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. दोघं एका कुळातली चुलत भावंडं. हे चुलत भावंड केरळचं. तिथे त्याला कुडमपुळी म्हणतात आणि माशाच्या कालवणात घालतात. पाहायची असेल तर दिल्ली हाटसमोरच्या आयएनए मार्केटमध्ये मल्याळी वाण्याकडे जा. उन्हात आणि धुरावर वाळवलेल्या काळ्याकुट्ट, चामट फोडी. वास धुराचा, चव जीभ आंबवणारी. उत्तम पदार्थ आहे. केरळी माणसाने तो शेकडो वर्षं कालवणात घातला, बारीक होण्यासाठी कधी गिळला नाही.

मी स्वयंपाकघरातला आमसुलाचा डबा आणून वहिनींसमोर उघडला. गावाहून आलेली आमसुलं, मऊ, जांभळी-काळी, कडेला मिठाचे कण. वैशाखात रातांबे फोडायचे, गर आणि बिया काढायच्या, साल उन्हात टाकायची, मग मीठ घातलेल्या त्याच रसात बुडवून पुन्हा उन्हात. चार-पाच दिवस हा उद्योग, आणि वळिवाची सर आली की धावाधाव. बी फेकायची नाही, तिचं कोकमतेल भेगाळलेल्या टाचांना लावायचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या हातांच्या कष्टावर. या फळाचं नाव पुढे करून कुणी दिल्लीत भलतंच काही विकत असेल, तर मला राग येतो, आणि तो यायलाच हवा.

आता आम्लाची गोष्ट. कुडमपुळीत आणि कोकमातही हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं. ते नेमकं ओळखलं आपल्याच देशात, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, लुईस आणि नीलकांतन या दोघांनी, १९६५ साली. त्यांना फळातला आंबटपणा कशाचा हे शोधायचं होतं. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात दिसलं की शरीरात पिठा-साखरेपासून चरबी तयार करणाऱ्या एका विकराला हे आम्ल अडवतं. उंदरांवर प्रयोग झाले, उंदरांचं वजन घटलं. बाटल्यांचा बाजार या उंदरांच्या बळावर सुरू झाला.

मग माणसांवर नीट चाचणी झाली. न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी १३५ वजनदार माणसं घेतली. सगळ्यांना सारखाच कमी उष्मांकांचा, भरपूर तंतूंचा आहार. निम्म्यांना रोज १,५०० मिलिग्रॅम हे आम्ल, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कुणाला काय दिलंय ते कुणालाच ठाऊक नाही. बारा आठवड्यांनी वजनं केली. आम्ल घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरलं. पोकळ गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलोंनी.

पुन्हा वाचा. पोकळ गोळीवाले पुढे. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक धरण्यासारखा नव्हता, म्हणजे गोळीने ना भलं केलं ना बुरं. वजन उतरवलं ते ताटाने. हे निष्कर्ष १९९८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्याला पाव शतक उलटून गेलं आणि वहिनींच्या हातात बाटली अजून आहेच.

उंदराला लागू पडलं ते माणसाला का पडलं नाही? कारण आपलं शरीर नेहमीच्या खाण्यात पिठा-साखरेपासून फारशी चरबी बनवतच नाही. पीठ-साखर ते जाळण्यासाठी आधी वापरतं आणि ताटातलं तेल-तूप थेट साठवणीत टाकतं. भटुऱ्याने प्यायलेलं तेल कमरेवर जातं ते सरळ वाटेने. गोळी ज्या वाटेवर पहारा देते, त्या वाटेने ते जातच नाही. दाराला कुलूप लावलं आणि भिंत उघडी ठेवली, अशातला हा प्रकार.

२०११ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झेटरच्या संशोधकांनी तोवरच्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला. सगळ्या धरून गोळीच्या बाजूने फरक निघाला ०.८८ किलोचा, आणि फक्त काटेकोर चाचण्या धरल्या तर तोही टिकला नाही. पोटाच्या तक्रारी मात्र गोळीवाल्यांत दुप्पट. अमेरिकेच्या सिनेटसमोर जून २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या डॉक्टर ओझ यांना या फळासकट अनेक ‘चमत्कारां’बद्दल जाब द्यावा लागला होता. तिकडे निदान जाब विचारला गेला.

फायदा नाही, पण तोटाही नाही, असं असतं तर बाराशे रुपये गेले म्हणून गप्प बसता आलं असतं. तसं नाही. औषधांनी होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधन जाळ्याने २००४ ते २०१८ या काळातले २२ रुग्ण नोंदवले, ज्यांच्या यकृताला गार्सिनिया असलेल्या गोळ्यांनी इजा झाली. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये सांगून टाकलं की हे पूरक खाऊच नका. कालवणातल्या दोन फोडींनी यकृत बिघडत नाही. त्याच फळातलं आम्ल काढून, साठ टक्क्यांपर्यंत घट्ट करून, दिवसातून तीनदा, महिनोन्‌महिने घेतलं की ते फळ उरत नाही. वहिनींचं ‘बाधणार कसं’ इथेच चुकतं.

आणि कायदा? तो आहे, आणि जुना आहे. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा १९५४ चा. ज्या व्याधी बऱ्या करण्याची जाहिरात औषधाच्या नावाने करता येत नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणा त्यात स्पष्ट लिहिला आहे. म्हणून विकणारे बाटलीला औषध म्हणत नाहीत, आहारपूरक म्हणतात. पुढे कंबर, मागे बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’. ही ओळ छापणं २०१६ च्या नियमांनी बंधनकारकच केलं आहे. अन्नपदार्थांच्या जाहिरातींत काय दावा करावा यासाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत. ते राबवणाऱ्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं मुख्यालय याच शहरात, कोटला रोडवर. वहिनींच्या घरापासून अर्ध्या तासावर. प्राधिकरणाने या एका फळाच्या बाटल्यांवरचे दावे तपासले आणि खोटे निघतील ते बंद केले, तर दिल्लीकरांचे पैसेही वाचतील आणि यकृतंही. मागणी एवढीच आहे आणि ती रास्त आहे.

ही मागणी इथूनच व्हायला हवी, कारण गिऱ्हाईक इथेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत दिल्लीतल्या दर १०० स्त्रियांमागे ४१ आणि दर १०० पुरुषांमागे ३८ जणांचं वजन प्रमाणाबाहेर निघालं. देशाची सरासरी स्त्रियांत २४, पुरुषांत २३. गुरुग्राम-नोएडाच्या उंच इमारतींत दिवसभर बसून काम, हिवाळ्यात हवा अशी की फिरायला जायची भीती, उन्हाळ्यात सकाळी सातलाच झळा. चालणं सुटतं, बसणं वाढतं. हे माझंही जगणं आहे, वहिनींचंही. वजन उतरवावंसं वाटण्यात काही चूक नाही. त्या वाटण्यावर धाड घालणारा चुकतो.

मग कोकमाने बारीक होता येतं का? नाही. चार आमसुलं भिजत घालून केलेला सार पोटाला हलका असतो, उन्हाळ्यात बरा वाटतो, घशाखाली सुखाने उतरतो. तेवढ्यासाठी तो प्यावा. ‘अमृत कोकम’ मात्र वजनासाठी पीत असाल तर ते कसं करतात ते आठवा. ताज्या सालीच्या वाट्या साखरेने भरून बरणीत रचतात, साखर सालीच्या जवळजवळ दुप्पट, आणि बरणी उन्हात ठेवतात. त्या रंगात साखर दिसत नाही, पण पेल्यात येते तीच. सोलकढीत नारळाचं दूध असतं, तेही विसरू नका. चवीने प्या, औषध समजून पिऊ नका.

कोकमाचं झालं तेच पपईचं, अननसाचं, ड्रॅगन फ्रुटचं. कुठलंही फळ चरबी वितळवत नाही. अननसातलं विकर मांस मऊ करतं म्हणून ते तुमच्या पोटाचा घेर मऊ करेल, असं नाही. फळाचा उपयोग होतो तो दुसऱ्याच रीतीने. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २००९ मध्ये केलेल्या प्रयोगात जेवणाआधी अख्खं सफरचंद खाणाऱ्यांच्या पोटात, सफरचंद धरूनही, एकूण १५ टक्के कमी उष्मांक गेले. सफरचंदाच्या रसाने ते साधलं नाही. चावावं लागतं, चोथा पोटात जागा धरतो, म्हणून हात आखडतो. मोबदल्यात ताटातून काही कमी झालं तरच हिशेब जुळतो. पोटभर जेवून वर फ्रूट चाटचा द्रोण घेतला तर ती फक्त भर.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेला सल्ला रोज १०० ग्रॅम फळं आणि ४०० ग्रॅम भाज्यांचा आहे. १०० ग्रॅम म्हणजे एक मध्यम पेरू. जूनअखेरीला इंडिया गेटच्या आसपास रस्त्याकडेच्या झाडांखाली चादर धरून जांभळं झेलतात आणि पानावर मीठ लावून विकतात. संध्याकाळी समोशाऐवजी ती घ्या. फरक जांभळाने पडणार नाही, न खाल्लेल्या समोशाने पडेल.

वहिनींनी बाटली ठेवली नाही. दुकानदाराने सील फोडलेली बाटली परत घेतली नाही, पैसे बुडाले. त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तुमच्याही घरी अशी बाटली असेल तर पुढचं चित्र सोडा आणि मागची बारीक अक्षरं आज वाचा. घरात कुणी ती घेत असेल आणि त्यांचे डोळे पिवळसर दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर गोळी त्याच क्षणी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. जाताना बाटली सोबत न्या. ‘काही औषध घेता का’ असं डॉक्टर विचारतात तेव्हा आपली माणसं हिचं नाव घेत नाहीत, कारण ती हिला फळ समजतात.