‘उडवा’ म्हणू नका

उजनीचं पाणी उतरायला लागलं की भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळच्या काठाला रोहित पक्षी उतरतात आणि शनिवार-रविवारी त्यांच्यामागे पुण्याच्या गाड्या. गाड्या येऊ देत. पक्षी बघायला लेकरंबाळं घेऊन माणसं येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. माझा राग आहे तो होडीत बसल्यावर हमखास निघणाऱ्या एका फर्माईशीवर: ‘दादा, जरा उडवा ना!’

रोहित उडाला की पंखांखालचा लाल आणि काळा रंग उघडतो. तो फोटो सगळ्यांना हवा असतो. मग होडी सरळ थव्याच्या अंगावर घातली जाते, थवा उठतो, कॅमेरे कडकडतात. थवा पलीकडे जाऊन बसतो, तर तिथे दुसरी होडी तयारच.

हा पक्षी जेवतो कसा, ते जरा बघा. मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवायची, जिभेने पाणी आत ओढायचं आणि बाहेर लोटायचं, चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत अडकतील तेवढे किडे, बिया, शेवाळ गिळायचं. इतक्या बारीक खाण्यावर एवढं मोठं अंग पोसायचं म्हणजे तासन्‌तास मान खालीच हवी. त्यात उडायचं तर आधी पाण्यावरून धावत जाऊन वेग घ्यावा लागतो. आपण एका क्लिकसाठी त्याचं ताट ओढतो आणि वर त्याला पळायलाही लावतो.

उन्हाळ्यात तर याहून वाईट होतं. उघड्या पडलेल्या बेटांवर नदीसुरय आणि आर्ली अंडी घालतात. घरटं कसलं, जमिनीत नुसती खळगी. खड्यांच्या रंगाची अंडी पायाखाली आली तरी कळत नाहीत. ‘इथे उतरून एक सेल्फी’ म्हणून माणसं उतरतात, आईबाप डोक्यावर ओरडत घिरट्या घालतात आणि सावली हरवलेली अंडी एप्रिलच्या उन्हात भाजून निघतात. नदीसुरय आज जगभरात धोक्यात आलेला पक्षी आहे, हे त्या सेल्फीत कुठे दिसणार?

कायदा काय म्हणतो? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. वन्यप्राण्याला हाकलत नेणं, आमिष दाखवणं आणि यांचा नुसता प्रयत्न करणंही त्या व्याख्येत बसतं. थव्यावर होडी घालणारे आणि कुरव पक्ष्यांना फरसाण फेकणारे, दोघांनीही हे वाचावं.

नावाड्याला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. मी ते करणार नाही. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. भीमाकाठच्या गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि कित्येक घरं मासेमारीवर आली. आज पर्यटकांच्या होडीचे पैसे त्यांच्या चुलीला लागतात. थव्यापासून लांब इंजिन बंद करून बांबूने हळूच होडी सरकवणारे जाणते नावाडीही तिथे आहेत. पण शेजारची होडी पक्षी उडवून दाखवते आणि बक्षीसही तीच घेऊन जाते. म्हणजे चूक शिकवतो तो पैसे मोजणारा. शहाणपणाची सुरुवात करायची तर त्यानेच करावी.

तेव्हा होडीत पाय ठेवण्याआधीच सांगून टाका: ‘दादा, पक्षी उडवायचे नाहीत, इंजिन लांबच बंद करा, बेटावर उतरायचं नाही.’ फोटो मिळो न मिळो, बक्षीस त्या माणसाच्या हातावर ठेवा. आणि छायाचित्र स्पर्धांच्या परीक्षकांनो, होडीने उठवलेल्या थव्याला पारितोषिक देणं यंदापासून थांबवा.